दिवसाला एक रुपया

राजारामपुरीत, एका जिन्याखाली
इंगवले बाईंची लायब्ररी आहे.
पुस्तक परत घेताना त्या चष्मा कपाळावर सरकवतात
आणि एवढंच विचारतात : कसं होतं?
मी उद्यमनगरात लेथवर असतो.
माप सुताचं असो की मताचं,
अंदाजे सांगायची सवय नाही.

रहस्यकथा. खुनी चाळिसाव्या पानावर कळला.
ज्याच्या हातरुमालाचं वर्णन तीन ओळी चालतं
तो माणूस निर्दोष असूच शकत नाही.
तरी शेवटपर्यंत वाचली,
कारण त्यातल्या हवालदाराला नवे बूट चावत होते
आणि खून, पाठलाग, कोर्ट, सगळं होईपर्यंत
लेखक ते विसरला नाही.

साखर कारखान्याच्या एका माजी चेअरमनचं आत्मचरित्र.
गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, शाल आणि नारळ.
चारशे पानांत मळीचा वास कुठं येत नाही.
ऊसतोडीची माणसं एका परिच्छेदात आहेत,
तिथंही रांगेत उभी.

ऐतिहासिक कादंबरीतला घोडा
अडीचशे पानं पळतो,
एकदाही पाणी पीत नाही.
माझा आजा भवानी मंडपापासून स्टेशनपर्यंत टांगा हाकायचा.
दोन फेऱ्या झाल्या की आधी घोड्याला पाणी,
मग स्वतःला चहा.
बाईंना म्हटलं, लढाया बऱ्या आहेत,
पण घोडा खोटा आहे.

पाककृतींचं पुस्तक राजाक्कासाठी नेलं होतं.
तिनं चुलीसमोर उभं राहून पहिलंच पान वाचलं :
‘तिखट चवीपुरतं.’
‘कुणाच्या?’ म्हणाली,
आणि ओल्या हातानं मिटून टाकलं.
एवढ्या थोडक्यात मला अजून जमत नाही.

एक पुस्तक आकाशाबद्दलचं होतं.
त्यात लिहिलंय, आपल्या रक्तातलं लोखंड
कुठल्याशा ताऱ्याच्या पोटात तयार झालं.
दुसऱ्या दिवशी मशीनखालचा बुरादा झाडताना
हात आपोआप हळू झाला.
सर्जेराव फोरमन ओरडला,
‘बाबासो, झोप झाली नाही व्हय?’
हे पुस्तक चांगलं की वाईट, सांगता आलं नाही.
म्हटलं, जड आहे.
बाईंनी ते हातावर तोललं आणि हसल्या.

आणि मग ती सडपातळ कादंबरी.
आजऱ्याकडच्या कुणा बाईची, पहिलीच,
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली.
माझ्याआधी तीनच शिक्के.
गोष्ट म्हणाल तर काही नाही.
दोन बहिणी, समोरासमोर घरं, मधे एक शिलाई मशीन.
अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत.
मशीन मात्र दर सोमवारी इकडून तिकडं जातं,
दर गुरुवारी तिकडून इकडं,
आणि प्रत्येक वेळी
पाठवणारीनं त्यात तेल घातलेलं असतं.

त्या तेलापाशी मी थांबलो.
पुढची वीस पानं आहेत, वाचली नाहीत.

धाकटा महिपती चार शेड पलीकडं आहे.
त्याच्या मशीनचा आवाज मी डोळे मिटून ओळखतो,
बेअरिंग जायला आलंय हेही कळतं.
वडिलांचं व्हर्निअर एकच.
सात वर्षं ते माझ्या ड्रॉवरला आहे,
कुलपात.
माप बरोबर दाखवतं अजून.

पुस्तक ठेवून घेतलं त्याला चाळीस दिवस झाले.
दिवसाला एक रुपया.
मी दर शनिवारी दंड भरून रिकाम्या हातानं परत येतो.
इंगवले बाई वहीत आकडा लिहितात,
चष्मा डोळ्यांवरच ठेवतात,
कसं होतं म्हणून विचारत नाहीत.

काल सुट्टीच्या भोंग्यानंतर
ड्रॉवर उघडला, व्हर्निअर पुसलं,
जबड्यांना थेंब थेंब तेल दिलं.
बाकी काही दिलं नाही अजून.
पुस्तकही नाही.