सव्वाशे किलोमीटर

आपियाहून पांगोपांगो सव्वाशे किलोमीटर.
पस्तीस मिनिटं. वारा समोरून असला तर चाळीस.
मी आधी सामानाचं वजन करते, मग माणसांचं.
विमान लहान. कोण कुठे बसणार
हे काटा ठरवतो, मी नुसती वाचते.
बायका चपला काढून उभ्या राहतात.
एक पाद्री आहेत, ते दर खेपेला श्वास रोखून धरतात.

घड्याळाला हात लावू नका, असं सगळ्यांना सांगते.
इथे आठ म्हणजे तिथेही आठच,
फक्त वार मागचा.
शनिवारी निघालेला माणूस शुक्रवारी उतरतो.
मध्ये नुसतं पाणी,
आणि पाण्यावरची ती रेघ
आमच्या वैमानिकालाही अजून दिसलेली नाही.

सरकारनं रेघ सरकवली तेव्हा मी शाळेत होते.
गुरुवारी रात्री झोपलो, शनिवारी उठलो.
माझा भाऊ सेमिसी तीस डिसेंबरचा,
त्या वर्षी तीस आलीच नाही.
अजून म्हणतो, माझं एक वर्ष
कुणाकडे तरी उधार आहे.

पेलेनातो आला तोही शनिवार, आठचं विमान.
सामान काही नाही, हातात घडी घातलेला काळा शर्ट.
त्याची आई पहाटे गेली होती.
बहीण पलीकडे, टूनाच्या कारखान्यात डबे भरते.
एकतीस वर्षांपूर्वी बोटीनं गेली,
विमानात एकटी बसणार नाही म्हणते,
म्हणून हा हात धरून आणायला निघालेला.
ब्याण्णव, मी म्हटलं. तिसरी रांग, डावीकडे.

फोन त्यानं काट्यावर उभ्या उभ्याच घेतला.
लितिआचा आवाज मलाही ऐकू येत होता.
ती रडत नव्हती. विचारत होती,
इकडे आज शुक्रवार आहे,
शुक्रवारी आईनं काय खाल्लं?

तो माझ्याकडे बघत राहिला, मला माहीत असल्यासारखा.
मग म्हणाला, नीरफणसाची एक फोड. नारळाच्या दुधात.
सगळी?
अर्धी.
चिडली का?
मीठ कमी म्हणून. हो.
बरं, ती म्हणाली. ये तू.

पाऊण तासानं तो पोचला असेल
जिथे त्याची आई, निदान भिंतीवरच्या कॅलेंडरात,
अजून मिठावरून कुरकुरत होती.

दुपारच्या विमानानं दोघं आली,
शुक्रवारी बसून शनिवारी उतरली.
लितिआनं भावाचा दंड इतका घट्ट धरलेला
की बाही खांद्यापर्यंत गेली होती.
उतरणाऱ्यांचं वजन आम्ही करत नाही.
ती तरी चपला काढून काट्यावर चढली.
अडुसष्ट, मी म्हटलं.
तिकडेही अडुसष्टच भरले होते, ती म्हणाली,
म्हणजे वाटेत काही कमी झालं नाही.
आणि मग रडली, तिथेच उभी राहून.
मागे टॅरोच्या टोपल्या घेऊन लोक खोळंबले होते,
कुणी घाई केली नाही.

हिचं परतीचं कधीचं लिहू? मी पेलेनातोला विचारलं.
परवाचं, तो म्हणाला.
गेलेला परवा की येणारा, ते मी विचारलं नाही.
ती उतरली तरी काटा थोडा वेळ हलत होता.
जुना झालाय तो.