खुंट्या

पहाटे, अंथरुणातून उठण्याआधी
माइरे दोन बोटं मानेवर ठेवते.
अठ्ठेचाळीस. काल एक्कावन्न होते.
मग राईच्या पावाचा एकच तुकडा,
तेच झिजलेले बूट,
आणि ओतेपॅच्या बाहेरचा तोच मातीचा रस्ता.

नियम तिचाच: नाडी एकशे चाळीसच्या वर जाऊ द्यायची नाही,
अर्धा तास धावायचं,
घड्याळ वाजेल तिथे कडेला एक खुंटी ठोकायची.
प्रयोगशाळा आहे तार्तूत. तिची फी म्हणजे
आठवडाभर पत्रं वाटून मिळतात तेवढे पैसे.

मार्चची खुंटी दूधकट्ट्यापाशी.
एप्रिलची बर्चच्या तीन झाडांपलीकडे.
जूनची थेट एंडेलच्या टपालपेटीखाली;
त्या दिवशी परतताना ती चक्क शीळ घालत होती.
ऑगस्टची मात्र अलीकडे. चाळीस पावलं.
वहीत तिने लिहिलं: उकाडा.
मग खोडलं. लिहिलं: झोप नाही.
तेही खोडलं.

सप्टेंबरात एंडेलने कडेचं गवत कापलं
आणि सगळ्या खुंट्या उपटून, सुतळीने बांधून
तिच्या फाटकाशी आणून ठेवल्या.
"सरपण सांडत जातेस की काय गं?"

ती हसली. काय सांगणार?
संध्याकाळी चुलीपुढे एकेक हातात घेतली.
सगळ्या सारख्याच. टोकाला माती,
डोक्यावर दगडाचे ठोके.
जूनची कुठली, ओळखू येईना.

एक बाजूला ठेवली, उद्याला.
बाकीच्या छान पेटल्या.