बंद दोन प्रकारचं

स्क्रीनवर एक रेघ आहे.
खाली, वर, खाली, बराच वेळ खाली, मग वर.
पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेली फाइल:
काचेच्या नळीच्या टोकाला चिकटलेला
पेशीच्या सालीचा तुकडा,
त्यात एकच दार.
वर म्हणजे उघडं, खाली म्हणजे बंद.
फट ठेवणं नाही, नुसतं लोटून घेणं नाही,
कडी काढून कुणाची वाट बघणं तर नाहीच.

गंगापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर
मी त्या दाराचं गणित मांडते.
दोन चौकोन, दोन बाण.
अल्फा उघडण्याचा दर, बीटा मिटण्याचा.
गृहीत एवढंच धरायचं, की दाराला आठवण नसते.
आत्ता मिटलेलं असो की केव्हाचं मिटलेलं,
पुढच्या क्षणी उघडण्याची शक्यता तेवढीच.

वर्गात हे कुणाला पटत नाही.
कळवणची वैजयंता बागूल म्हणाली,
मॅडम, इतका वेळ थांबलो तर आता उघडायलाच हवं ना?
मी म्हटलं, तुझी एसटी येते का अशी?
सगळे हसले. ती हसली नाही, वहीत काहीतरी खोडलं.

आणि गणित जुळेना.
छोटे बंद वक्रावर नीट बसत,
लांब बंद शेपटीत लोंबकळत राहत.
आठ दिवस मी अल्फा चिमटीत धरून
इकडे ओढला, तिकडे ओढला.
नवव्या दिवशी रविवार होता.

आप्पा आनंदवल्लीला एकटे राहतात.
एकतीस वर्षं धरणाचे दरवाजे चालवले त्यांनी.
गावातले लोक दुतोंड्या मारुतीकडे बघून पूर सांगत,
गुडघा, कंबर, छाती.
आप्पा क्युसेकमध्ये सांगत, तेही विचारलं तरच.
आई गेल्यावर कुणी विचारतही नाही.

मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा शोधला,
रेघेवरून नख फिरवलं, जसं कुलपावरून फिरवतात.
शेंगांची टरफलं बाजूला सारली.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
हे बंद आणि हे बंद, एक नाही.

म्हणजे?

एका बंदमध्ये मोटर नुसती थांबलेली असते.
बटण दाब, दरवाजा उचलतो.
दुसऱ्यात रबर लोखंडाला धरून बसतं.
ते आधी सोडवायचं, मगच बटण.
पुलावरून बघणाऱ्याला काय,
दोन्ही वेळा नदी कोरडीच.

एवढं बोलले आणि पुन्हा शेंगा.

रात्री मी तिसरा चौकोन काढला.
बंद एक. बंद दोन.
दोनमधून थेट बाहेर जाता येत नाही,
आधी एकमध्ये यावं लागतं.
वक्र शेपटीसकट बसला,
उशीवर डोकं बसावं तसा.

आनंद झाला. खोटं कशाला बोलू,
उठून एकटीनंच चहा केला.
मग लक्षात आलं, गृहीत मोडलं नव्हतं;
चौकोनांना अजूनही आठवण नाही.
पण बाहेर थांबलेल्याला आता हिशेब लागतो:
दार जितका जास्त वेळ बंद,
तितकं ते दुसऱ्या बंदमध्ये असण्याचा संशय पक्का.
थांबण्याला अर्थ आला, आणि अर्थ असा.
वैजयंताला सांगायला हवं, तिचं निम्मं बरोबर होतं.
वाट बघण्यानं काहीतरी बदलतं.
उलटं बदलतं, एवढंच.

हृदयात अशी दारं असंख्य.
एकाचंही पुढचं सांगता येत नाही,
सगळी मिळून मात्र एक ठोका देतात,
इतका नेमका, की घड्याळ लावावं.
आप्पांकडे एकच फोन आहे.

लावला. वाजत राहिला.
रेघ खाली.
खाली.
कापायला बोट नेलं तेवढ्यात
‘हं. जेवलीस का?’
जेवले. तुमचं बरोबर निघालं, आप्पा.
‘कशाचं?’
बंदचं.
‘बरं.’

कागदाच्या कडेला, सवयीनं,
मी लिहून ठेवलं:
उघडं, अकरा सेकंद.