मंगळवारी बंद

मंगळवारी बंद असतं, हे कुणीच सांगितलं नव्हतं.
जिंतूरहून पहाटेची एसटी,
मंठ्याच्या पुढं शिवन्याची उलटी,
जालन्यात दुसरा फ्रॉक,
सेंट्रल स्टँडवर दुसरी गाडी,
आणि वेरूळच्या फाटकाला कुलूप.

"उद्या या," वॉचमन म्हणाला,
जसं काही उद्या
शेजारच्या गल्लीत राहतो.

कांचननं माझ्याकडं बघितलं नाही.
तिचं न बघणं लांबून ऐकू येतं.
शिवन्या मात्र खूश.
फाटक बंद होतं,
पण माकडं चालू होती.

लॉजवाल्यानं सहाशे सांगितले, चारशेवर आला.
एक पलंग, एक बल्ब,
बाथरूमचं दार फरशीला घासायचं,
करकर करून भिंतीतली पाल पळायची.
मी चमच्याच्या दांड्यानं
बिजागरीचे स्क्रू आवळत बसलो.
"सुट्टीवर आलाव ना आपण?"
कांचन म्हणाली,
आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली.

रात्री पेपर पसरून दौलताबादची सीताफळं.
शिवन्यानं बिया मोजल्या,
एकोणतीसपर्यंत नीट.
पुढं वीस-दहा, वीस-अकरा.

बुधवारी सगळं उघडं होतं,
ऊनसुद्धा.
आम्हाला दोन तिकिटं, पोरीला फुकट,
ती माझ्या खांद्यावर, तिच्या हातात अर्धा पेरू,
त्याचा रस माझ्या कानात.
गाईड एका शाळेच्या सहलीचा होता.
आम्ही जरा मागं राहून
त्यांच्या पैशानं ऐकत होतो.
दहा नंबरला तो म्हणाला,
"ह्याला म्हणतात सुताराची झोपडी."

मी सुतार.
मी वर बघितलं.

वासे.
बैलाच्या बरगड्यांसारखे वळलेले,
एका अंतरावर, एका जाडीचे,
एक सूतही इकडं तिकडं नाही.
आणि लाकूड नाही. दगड.
सांधा नाही, खुंटी नाही,
छप्पर ह्यांच्यावर टेकलेलंच नाही,
हेच छपरातून कोरून काढलेले.
काही न पेलणारे वासे!
मग केले कशाला?

दगड फोडणाऱ्याला लाकडाचं घर आठवत असणार.

मी अठरा एमएमचं प्लाय कापतो,
त्याच्यावर सागाच्या रेषांचं सनमायका चिकटवतो.
गिऱ्हाईक हात फिरवून म्हणतं,
"अस्सल वाटतंय हो."
तेव्हा मला मनातून थोडी लाज वाटते.
आता गाईड म्हणत होता, तेराशे वर्षं.
म्हणजे आमचा धंदा तसा जुना आहे.

शिवन्या खांद्यावरून वासे मोजायला लागली.
मोठ्यानं.
अठ्ठावीस, एकोणतीस, वीस-दहा,
आणि लेणं तिच्या मागून म्हणालं,
वीस-दहा.
वीस-अकरा.
वीस-अकरा.
समोर एवढे मोठे बुद्ध बसलेले,
त्यांनीही दुरुस्त केलं नाही.

"बाबा, हे तू केलंस?"

सहलीतली पोरं फिदीफिदी हसली.
गाईड मागं वळला, आम्ही सापडलो.
"सांगा की," कांचन म्हणाली,
ती मजा बघत होती.
"नाही गं. हे दुसऱ्या लोकांनी केलं. लई जुन्या."
"मग तुझं कुठंय?"

ह्यावर काय बोलायचं?
जिंतुरात अकरा कपाटं, दोन किचन, एक देव्हारा,
सगळे दुसऱ्यांच्या घरी.

कैलास आम्ही पळत पळत बघितला,
कारण तिला शू लागली होती
आणि सव्वादोनची गाडी.
एवढा डोंगर पोखरलेला,
माझ्या लक्षात राहिला तो एक हत्ती,
तोही सोंड तुटलेला.

लॉजवर पिशवी घ्यायला गेलो,
तिला बाथरूमपाशी नेलं.
"हे बघ, हे माझं."

तिनं दार ढकललं, ओढलं, परत ढकललं.
कान लावून उभी राहिली.
"आवाजच येईना," म्हणाली,
जराशी नाराज होऊन.