खाकी घ्या, निळी नको

हळदोण्याच्या चढणीवर, पोदेराच्या भट्टीला लागून
केरोबिन लोबोचं दुकान.
मशीन एक, खुर्ची एक.
दुसरी खुर्ची गिऱ्हाईक आलं की भट्टीतून मागवायची.

म्हटलं, पँट शिवायची आहे. माझ्यासाठी.
एकसष्ट वर्षांत पहिली.
पुतणी म्हणते, आत्ये, जीपवर साडीत चढणार कशी?

तो कोंकणीत, मी डिचोलीच्या मराठीत,
मध्ये टेबलावर कापड.
"केनिया? महिना कोणता?"
"ऑगस्ट."
"मग स्वेटर न्या. हसू नका.
आफ्रिका म्हणजे ऊन, हे न गेलेल्यांचं म्हणणं.
पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात,
दहा वाजले की तोच स्वेटर बुडाखाली घ्यायचा."

टेप कमरेला न टेकवता, हवेतच माप घेत
तो बोलत राहिला.

निळं नको, काळंही नको.
त्सेत्से म्हणून माशी आहे, तिला निळ्याचं वेड,
आणि ती कापडातूनसुद्धा चावते.
पांढरं नको, धूळ लाल आहे.
(मी खाणपट्ट्यातली. लाल धुळीचं मला कोण सांगणार?
पण ऐकून घेतलं.)

बॅग मऊ हवी, चाकांची पेटी नको,
छोट्या विमानाचं पोट छोटं.
पंधरा किलो म्हणजे पंधरा, तिथे ओळखपाळख चालत नाही.
प्लास्टिकची पिशवी घरीच ठेवा.
पिवळ्या तापाची सुई वास्कोला मिळते,
दहा दिवस आधी घ्या; आदल्या दिवशीची सुई
नुसता दंड दुखवते.
तिचं पुस्तक जपा, परत येताना आपलेच लोक मागतात.
हिंवतापाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून,
आणि घरी आलो म्हणून सोडायच्या नाहीत.

दुर्बीण ज्याची त्याला.
नवरा-बायकोतही एक नको:
सिंह मिनिटभर दिसतो,
भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत पुरतं.

"नोटा सुट्या न्या. कोऱ्या. घडी न पडलेल्या."
म्हटलं, चौतीस वर्षं सहकारी बँकेत रोखपाल होते.
तेव्हा तो पहिल्यांदा हसला.
"मग हे तुम्ही मला सांगा."

ड्रायव्हरला पहिल्या दिवशीच नाव विचारा.
जवळ घे, जवळ घे म्हणून त्याच्या मागे लागू नका.
तो म्हणेल तेव्हाच उभं राहायचं.
आणि सिंह सिंह करत रानभर फिरू नका,
पाणवठ्यावर बसा गप्प.
तहान सगळ्यांनाच लागते.

मी विचारलं, तुम्ही किती पाहिले?

दोरा सुईच्या नाकातून दोनदा चुकला.
वय अठ्ठ्याऐंशी, मी वाट पाहिली.

"नाकुरूत सतरा वर्षं काढली.
फ्लेमिंगो पाहिले, ते तळ्यावर फुकट दिसायचे.
सिंह नाही.
रविवारी चर्च, सोमवारी मशीन.
साहेब लोक जायचे माझ्या कपड्यांत,
यायचे तेच कपडे फाटलेले घेऊन.
मी विचारायचो, गुडघा कुठे ठेवून आलात?
खिसा उसवलाय, म्हणजे फिल्म काढायची घाई.
बाहीला भोक, शेकोटीची ठिणगी.
एका बाईच्या पँटला कुसळंच कुसळं.
चिमट्याने काढली एकेक,
डबीत ठेवली."

डबी त्याने दाखवली नाही.
मीही मागितली नाही.

"गुरुवारी या. गुडघ्याला दुहेरी कापड लावतो,
खिशांना झाकणं, आत एक चोरखिसा."
मी पैसे काढले. त्याने अर्धेच घेतले.
"बाकीचे परत आल्यावर.
एवढंच करा, पँट धुऊ नका.
तशीच आणा."

पायऱ्या उतरताना सवयीने निऱ्या उचलल्या.
पाच. सहा.
हाताला सवय, मोजल्याशिवाय राहवत नाही.
भट्टीवाला त्याची खुर्ची न्यायला वर निघाला होता.