शेरा

सकाळी सहाला मी काटा लावतो.
गव्हाचा कोंडा, तुरीची चुनी,
सरकीची ढेप थोडी, मीठ, खनिजाची भुकटी.
बरसीम दव सुकल्यावर कापलेली.
ओली बरसीम पोट फुगवते,
हे मला एका मेलेल्या पाडसानं शिकवलं.

रजिस्टरात दाण्याचा रकाना आहे, चाऱ्याचा आहे,
उरलं किती, त्याचाही आहे.
सात नंबरच्या चितळीपुढे चार दिवस
दिलं तेवढंच उरलं, जवळजवळ.

ती उमरेडकडची.
कुत्र्यांपासून सोडवून आणलेली, मागच्या पायाला टाके.
भोयर डॉक्टरीण पोटाला कान लावून बसल्या,
म्हणाल्या, रवंथ मंदावलाय.
दाणा एकदम वाढवू नका, आतून आंबेल.

मग बोरीचा पाला. बाभळीच्या शेंगा.
सगळं गव्हाणीत नीट रचलेलं,
पंगतीला पान वाढावं तसं.
ती हुंगायची
आणि वर बघायची.
वर तर टिनाचा पत्रा,
मार्च सरत आलेला, पत्रा चटके देणारा.

रविवारी महाराजबागेत गर्दी.
जाळीतून संत्र्याची सालं, चिवड्याची पुडी.
पुडी मी उचलली.
मिठासाठी जनावर प्लास्टिकसुद्धा चाटतं.

अंताराम धुर्वे झाडू ठेवून म्हणाला,
"साहेब, थे पत्रा नाई पाहून राह्यली.
वांदर पाहून राह्यली."
"काऊन?"
"जंगलात वांदर वर खाते, अर्धं खाली सांडते.
थेच हिचं जेवण.
तुमी तं ताट वाढून देता बाप्पा."

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघे वाजणारे,
पत्र्यावर चढला बारदाना घेऊन.
बारदान्यात उंबरं, पिंपळाची कोवळी पानं,
आणि मोहफुलं, कुठून आणली विचारलं नाही.
मी खालून म्हणालो, तिच्या पुढ्यात टाका.
"नेम धरून नाई टाकाचं. सांडाचं."

एक उंबर पडलं.
बराच वेळ काही नाही.
मग एक फांदी, अर्धी ओरबाडलेली.
जाळीबाहेरची पोट्टी हसली,
तेव्हा अंतारामनं लाजत लाजत
एक हूप दिला.

तिचे कान फिरले.
तीन पायांवर भार देत ती आली,
उंबर उचललं.
दुसरं शोधत गेली, शोधावं लागलं तिला,
हेच बहुतेक हवं होतं.

संध्याकाळी कडुनिंबाच्या सावलीत ती बसलेली,
खालचा जबडा आडवा फिरत होता,
जात्यासारखा, सावकाश.
गळ्यातून एक गोळी वर येताना
मी स्वतः पाहिली.

रात्री रजिस्टर उघडलं.
किती किलो? सांडलेल्याचं वजन कसं करणार.
दाण्याचा रकाना कोरा सोडला,
चाऱ्याचाही.
शेऱ्यात लिहिलं:
वरून पडलं. खाल्लं.

वरिष्ठांनी लाल पेनानं विचारलंय,
कोणी टाकलं?
मी अजून उत्तर दिलं नाही.
उद्या अंतारामसाठी शिडी मागवायची आहे,
आणि त्या अर्जात
कारण काय लिहावं, ते सुचत नाहीये.