वीस किलोच्या खाली

तेव्हा मी जालन्यात, एमआयडीसीत,
रात्रपाळीला काट्यावर होतो.
भंगाराची गाडी काट्यावर चढायची, मी आकडा टाकायचो.
भंगार ओतून परतायची, मी पुन्हा टाकायचो.
भरलेल्यातून रिकामं वजा.
याचे महिन्याला साडेअकरा हजार.

दोन गाड्यांच्या मधे पोकर.

उज्ज्वला म्हणाली, जुगारच की वो हा.
मी म्हणालो, जुगार दिवाळीत असतो,
मेहुण्याच्या गच्चीवर, तीन पत्ती, आरडाओरडा.
यात नुसतं बसून राहावं लागतं.
दहातले आठ हात न बघितल्यासारखे टाकून द्यायचे.
म्हंजे न खेळल्याचे पैसे मिळतात?
व्हय, बऱ्यापैकी.
ती हसली. मग विचारलं, आन् हरायलंय कोण?
कोणीतरी. लांबचं.
मग वहीत लिहीत जा, म्हणाली.

लिहिलं.
जूनमध्ये बदामाच्या पाच पानांवर गॅसची टाकी आली.
जुलैत पोरीच्या व्हॅनचे पैसे
एका गुलामापायी गेले, ते अर्चनाताईंकडून उसने आणले,
परत केले, त्याची वेगळी ओळ.
ऑगस्ट मी लिहिलाच नाही.
सप्टेंबरपासून हात बसला.
पगाराच्या निम्मं, कधी निम्म्याहून थोडं जास्त.
पाण्याचा टँकर सांगताना मी किंमत विचारायचं सोडलं.

टेबलावर एकजण यायचा, नाव खालीगाडी.
बारानंतर यायचा, पाच-सात हात खेळायचा, गायब व्हायचा,
तासाभरानं पुन्हा हिरवा ठिपका.
वेड्यासारखा नाही खेळायचा.
दमल्यासारखा खेळायचा.
असा माणूस टेबलावर असला की
आपण दुसरं टेबल शोधत नाही.

त्या रात्री पावणेतीनला
तेलंगणा पासिंगची गाडी माल टाकून काट्यावर आली.
इंजिन बंद, दिवे बंद.
केबिनमध्ये निळसर उजेड, उजेडात अर्धी हनुवटी.
माझ्या हातात दोन राजे, इस्पिक आणि किलवर.
मी पैसे लावलेले. खालीगाडीचं घड्याळ चाललेलं.
माईकवर म्हणालो, ड्रायव्हर, खाली उतरा.
हनुवटी हलली नाही.
घड्याळात अकरा सेकंद.
उतरा खाली, वजन घ्यायचंय.
चार सेकंद.
केबिनमध्ये अंगठा उचलला गेला,
किंवा मला तसं वाटलं,
आणि माझ्या स्क्रीनवर खालीगाडीनं सगळं पुढं सरकवलं.
चार हजार सहाशे.

मी किती वेळ थांबलो, ते खरं सांगत नाही.
कॉल दाबला.
त्याच्याकडे एक्का आणि नव्वी.
खाली पाच पानं आली, एकातही एक्का नव्हता.
केबिनमधला उजेड विझला.

मग तो उतरला. लुंगी, स्लिपर, कानाला मफलर.
पावतीसाठी नाव विचारलं. यादगिरी.
गाव? बोधन.
साब, चाय मिलेगा क्या?
थर्मासातला ओतून दिला.
तो दहाची नोट काढायला लागला, मी नको म्हणालो.
तेवढं औदार्य त्या रात्री माझ्याकडे होतं.
फोन लुंगीच्या घडीत खोचलेला. मी विचारलं नाही.
विचारण्यासारखा प्रश्न कुठल्या भाषेत असतो?

तो वर असताना काट्यावर अकरा हजार दोनशे साठ.
उतरल्यावर अकरा हजार दोनशे.
साठ किलोचा माणूस, हे नक्की.
बाकीचं नक्की नाही, कारण आमचा काटा
वीस-वीसनंच सरकतो.
चहा, मफलर, खिसा, डावाआधीचं आणि डावानंतरचं,
सगळं वीस किलोच्या खाली.

सकाळी वहीत अधिक चार हजार सहाशे लिहिले.
उज्ज्वलानं बेरीज तपासली, बरोबर निघाली.

दुसऱ्या रात्री सव्वाबाराला काटा मोकळा होता,
लांबपर्यंत एकही गाडी नाही.
टेबलावर खालीगाडी, हिरवा ठिपका.
म्हणजे तो नसेल.
म्हणजे तो कुठल्यातरी दुसऱ्या काट्यावर उभा असेल.

पानं वाटली गेली.
मी बघितली.